मे-जूनच्या सुट्टीत हिमालयातलं तळं गाठायचं तर

आपल्याकडे सुट्ट्या लागतात एप्रिलअखेर, आणि हिमालयातली उंचावरची तळी बर्फातून बाहेर येतात जूनच्या मध्यावर. या दोन तारखांमधलं अंतर विसरून आखलेला ट्रेक हमखास फसतो. निळंशार पाणी फोटोत पाहून मेच्या पहिल्या आठवड्यात भृगू तलावावर पोचलेल्या माणसाला समोर बर्फाचं पांढरं ताट दिसतं. काठ कुठला आणि तळं कुठलं, तेही कळत नाही. म्हणून आधी तारीख पाहा, तारखेवरून उंची ठरवा आणि मग तळ्याचं नाव घ्या. इथे मी उत्तराखंड आणि हिमाचलपुरतं लिहितो आहे, आणि सह्याद्रीत चालायची सवय असलेले पण हिमालयात पहिल्या-दुसऱ्यांदाच जाणारे लोक डोळ्यांसमोर ठेवून.

तारीख आणि उंची

ढोबळ हिशेब असा. ३,००० मीटरच्या खालची तळी मेमध्ये बहुधा मोकळी असतात. ४,००० मीटरच्या वरच्या तळ्यांच्या काठाला जूनच्या मध्यापर्यंत बर्फ असतो, एखाद्या वर्षी त्याहून जास्त दिवस. आणि जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास मोसमी पाऊस या भागात पोचतो. मग दरडी, बंद रस्ते आणि ढगांत बुडालेली शिखरं. म्हणजे उंच तळ्यांसाठी आपल्या हातात पावसाआधीचे जेमतेम दहा-पंधरा दिवस उरतात. एक अपवाद चंद्रतालचा. लाहौल-स्पितीत पाऊस फारसा पोचत नाही, त्यामुळे तिथे जुलै-ऑगस्टमध्येही जाता येतं. जाण्यायेण्याचा रस्ता मात्र पावसाच्या प्रदेशातून जातो.

मेमध्ये जायचं असेल तर माझी पहिली पसंती देवरिया ताल. रुद्रप्रयाग जिल्ह्यातल्या सारी गावातून अडीच-तीन किलोमीटरची चढण, उंची साधारण २,४०० मीटर. हवा स्वच्छ असली की ७,१३८ मीटर उंचीचा चौखंबा पाण्यात उलटा उतरतो. तळं तसं लहानच आहे, पण तिथून रोहिणी बुग्यालमार्गे (बुग्याल म्हणजे उंचावरचं कुरण) चोपता आणि पुढे तुंगनाथ, चंद्रशिला अशी तीन-चार दिवसांची सुंदर वाट लागते. खाली बांजाचं (ओकचं) जंगल, मग बुरांश म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, मग मोकळं कुरण आणि शेवटी ३,६८० मीटरच्या आसपास तुंगनाथचं देऊळ. खालचा बुरांश लाल फुलतो, वर जावं तसा गुलाबी आणि फिका होत जातो. हा सगळा टापू केदारनाथ वन्यजीव अभयारण्याला लागून आहे. १९७२ साली स्थापन झालेलं हे अभयारण्य कस्तुरी मृगासाठी ओळखलं जातं. तळं, जंगल, प्राणी आणि हळूहळू वाढणारी उंची असं सगळं एका वाटेवर मिळतं, म्हणून पहिल्या ट्रेकला मी हीच वाट सुचवतो.

हिमाचलात मेसाठी दोन नावं. मंडीजवळचं पराशर, २,७३० मीटर, पाण्यात तरंगतं बेट आणि काठावर लाकडी पॅगोडासारखं देऊळ. आणि धौलाधारच्या कुशीतलं करेरी, सुमारे २,९०० मीटर, धर्मशाळेहून सोयीचं.

जूनच्या मध्यानंतर वरची दारं उघडतात. मनालीजवळचं भृगू ४,३०० मीटरच्या आसपास आहे. तेवढ्याच उंचीवरचं चंद्रताल २००५ पासून पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसार यादीत आहे. तिथे थेट काठावर तंबू लावायला मनाई आहे, कॅम्प काही किलोमीटर अलीकडे असतात, आणि रस्ता कधी उघडेल ते त्या वर्षीच्या बर्फावर ठरतं. शिखांचं तीर्थ असलेलं हेमकुंड ४,३०० मीटरच्याही वर. त्याच्या शेजारची फुलों की घाटी १ जूनला उघडते, पण फुलांचा खरा बहर जुलै-ऑगस्टमधला. जूनमध्ये गेलात तर फुलांऐवजी वाटेवर उतरलेल्या बर्फाच्या जिभा दिसतील. त्याही बघण्यासारख्या असतात, फक्त अपेक्षा तशी ठेवून जा.

परवानगी, तिकीट आणि एक मोकळा दिवस

रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. तो दिवस कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवा. मे-जूनमध्ये उत्तराखंडचे रस्ते चारधाम यात्रेच्या गाड्यांनी भरलेले असतात, त्यामुळे ऋषिकेशहून सारीला पोचायला अख्खा दिवस धरा आणि घाटात रात्रीचा प्रवास टाळा. हेमकुंडाला जाणार असाल तर यात्रेची नोंदणी आधीच करून ठेवा.

उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ साली बुग्यालांवर रात्री मुक्काम करायला बंदी घातली. तेव्हा कुणी ‘ऐन बुग्यालात टेंट देतो’ म्हणालं, तर मुक्काम नेमका कुठे आणि कुणाच्या परवानगीने, हे पैसे देण्याआधी विचारा. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानातून जाणाऱ्या वाटेला वनखात्याचा परवाना लागतो. त्याच्या दोन प्रती काढून एक गाइडकडे द्या. गाइड गावातलाच घ्या. कुठल्या ओढ्यावरचा बर्फाचा पूल काल खचला, हे त्यालाच ठाऊक असतं. आणि सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय भारतात बेकायदा आहे, परदेशातल्या नातेवाइकाने दिला असला तरी घेऊन जाऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचं, वेळापत्रकात एक दिवस रिकामा ठेवा. रस्ता बंद झाला तर तो कामी येतो, कुणी आजारी पडलं तर कामी येतो. काहीच झालं नाही तर तो कुठे खर्च करायचा, ते शेवटी सांगतो.

तयारी

सहा आठवडे आधीपासून आठवड्यातून चार दिवस तासभर भराभर चाला, दोन दिवस जिने चढा-उतरा, आणि शनिवार-रविवारी सात-आठ किलोची सॅक घेऊन एखादा किल्ला करा. उतरण्याचा सराव लोक विसरतात, आणि हिमालयात गुडघे बोलतात ते उतारावरच. बूट नवे घेणार असाल तर निदान महिनाभर आधी घ्या आणि घालून चाला.

उंची लागणं

हा भाग सावकाश वाचा.

कळसूबाई १,६४६ मीटर. महाराष्ट्रात आपण याहून वर जाऊच शकत नाही. म्हणजे सह्याद्रीत कितीही किल्ले केले तरी विरळ हवेची सवय आपल्या शरीराला झालेली नसते. ३,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ७० टक्क्यांच्या आसपास असतो, ४,३०० मीटरवर साधारण ६० टक्के. त्याच श्वासात तेवढाच कमी प्राणवायू मिळतो. शरीर जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात, आणि ते किती लवकर जुळवून घेईल ते दमसासावर ठरत नाही.

भृगूच्या वाटेवर आमच्या गटात एक चोवीस वर्षांचा मुलगा होता. दर रविवारी सिंहगड चढणारा, सगळ्यांत पुढे. आम्ही रात्रभराच्या बसने सकाळी मनालीत उतरलो आणि त्याच दिवशी चालायला लागलो. ही आखणी माझीच होती आणि ती चुकीची होती. संध्याकाळी त्याचं डोकं दुखायला लागलं. जेवण नको म्हणाला, दोनदा उलटी झाली. ‘बसमध्ये जागरण झालं ना, पित्त झालंय,’ असं तो म्हणाला आणि आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. कुणीतरी पित्ताची गोळीही दिली. रात्री नऊच्या सुमाराला गाइड तंबूत डोकावला. त्याने मुलाला बाहेर बोलावलं आणि टाचेला बोटं लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगितलं. चौथ्या पावलाला त्याचा तोल गेला. गाइडने एक शब्द न बोलता त्याचे बूट आणले. हेडलँपच्या उजेडात दोघं जण त्याला धरून पाचेकशे मीटर खाली घेऊन गेले. सकाळी त्याने स्वतःहून चहा मागितला.

तेव्हापासून माझा नियम आहे: २,५०० मीटरच्या वर कुणाला पित्त होत नाही. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं, यांतलं काहीही झालं तर ती उंचीच लागली आहे असं धरून चाला. चुकलात तर एक दिवस जाईल, एवढंच.

उंची लागू नये म्हणून करायच्या गोष्टी अशा. पायथ्याच्या गावात एक पूर्ण दिवस आणि रात्र काढा. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर आजच्या मुक्कामाची उंची कालच्या मुक्कामापेक्षा ५०० मीटरहून जास्त वाढू देऊ नका, आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम त्याच जागी काढा. दिवसा वर जाऊन आलात तरी चालतं, हिशेब झोपायच्या जागेचा असतो. भृगूसारख्या वाटा या नियमात नीट बसत नाहीत, म्हणून तिथे आधी दोन दिवस मनालीत घालवा आणि एखाद्या दिवशी वर फिरून या. दिवसाला तीन-चार लिटर पाणी प्या. दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत. प्रतिबंधक म्हणून डायमॉक्स देतात, पण ती निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा.

डोकं थोडं दुखत असेल तर आहे तिथेच थांबा, वर जाऊ नका. विश्रांती घेऊनही वाढत असेल तर खाली या. बसल्या जागी धाप लागणं, थांबत नाही असा खोकला, निळसर ओठ म्हणजे फुप्फुसात पाणी भरतंय. तोल जाणं, असंबद्ध बोलणं, विचित्र वागणं म्हणजे मेंदूला सूज येते आहे. या दोन्हींत सकाळची वाट पाहायची नसते. रात्र असो, पाऊस असो, त्याच क्षणी उतरायला लागायचं.

सॅकमध्ये काय

दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. ऋषिकेशला दुपारी ३८ अंश असतील तर ४,००० मीटरवर चौदाच्या आसपास, आणि रात्री शून्याजवळ. त्यामुळे अंगाला चिकटणारा लवकर वाळणारा थर, वर फ्लीस किंवा लोकर, आणि सगळ्यांत वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. सुती टी-शर्ट आणि जीन्स घरी ठेवा, घामाने ओले झाले की ते वाळतच नाहीत. गॉगल मात्र चैन समजू नका. उंचीबरोबर अतिनील किरणं वाढत जातात आणि ताजा बर्फ त्यांतली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. तासाभराच्या बर्फावरच्या चालीनेही रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. टोपी, सनस्क्रीन, हेडलँप, काठी, पोंचो, ओआरएस, फोडांसाठी टेप. सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालून सगळं सामान त्यात भरा, बाहेरून रेनकव्हर घातलं तरी पाणी पाठीकडून शिरतंच. बॅटऱ्या आणि पॉवर बँक रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. खाऊ म्हणून चिक्की, खजूर, खारे दाणे उत्तम. उंचीवर भूक मरते, तेव्हा हाताला सहज लागेल असं खिशात हवं.

चालण्याचा दिवस

सहाला निघा, एक-दोनपर्यंत मुक्कामी पोचा. मे-जूनमध्ये सकाळ निरभ्र असते आणि दुपारनंतर ढग दाटून गारा, विजा सुरू होतात. ओढ्यांचंही तसंच. रात्री बर्फ वितळणं थांबतं म्हणून सकाळी पाणी घोट्याएवढं असतं आणि दुपारी तेच मांडीपर्यंत येतं. ओढा ओलांडताना सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा, म्हणजे पडलात तर सॅक टाकता येते.

गडगडाट ऐकू आला की धार सोडा, एकट्या झाडापासून आणि उथळ कपारीच्या तोंडापासून दूर व्हा, धातूच्या काठ्या बाजूला ठेवा आणि गटाने एकत्र न बसता अंतर ठेवून उकिडवे बसा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच पुढे निघा.

बर्फावर गाइडच्या पावलात पाऊल टाका. मोठ्या धोंड्यांच्या कडेने बर्फ आतून पोकळ असतो, तिथे पाय मांडीपर्यंत जातो. आणि गोठलेल्या तळ्यावर फोटोसाठीसुद्धा पाय ठेवू नका. मे-जूनचा बर्फ वरून पक्का दिसतो, पण खालून तो रोज पातळ होत असतो.

काठावर

पोहायचा मोह होतो, कारण आपण भर उन्हाळ्यातून आलेलो असतो. पण वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात उडी मारली की श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, आणि तोंड पाण्याखाली असेल तर चांगला पोहणाराही त्याच क्षणी बुडतो. शिवाय यांतली बहुतेक तळी गावकऱ्यांसाठी देवाची जागा आहे. पाय बुडवायचे तर आधी तिथल्या माणसाला विचारा.

साबण, शाम्पू, भांडी तळ्यात नको. पाणी भांड्यात घेऊन काठापासून निदान साठ मीटर लांब जा आणि तिथेच जमिनीवर ओता. शौचालाही तेवढंच अंतर, वीतभर खोल खड्डा, वरून माती, आणि कागद पिशवीत घालून परत. पिण्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी वरच्या कुरणात मेंढ्या असतात हे लक्षात ठेवा. खळखळून उकळी फुटल्यावर तीन मिनिटं उकळू द्या. ४,३०० मीटरवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं. जंतू मरायला ते पुरतं, भात शिजायला पुरत नाही, म्हणून त्या उंचीवर कुकर लागतो.

प्राणी आणि पक्षी

वन्यजीव दिसत नाहीत अशी तक्रार करणारे बहुतेक लोक आठ वाजता नाश्ता करून निघालेले असतात, आणि त्यांच्यातल्या एकाच्या सॅकला स्पीकर लटकलेला असतो. पहाटे पाच ते सात आणि सूर्य कलल्यानंतरचा तास, या वेळा खऱ्या. मातकट किंवा हिरवट कपडे घाला, वासाचा स्प्रे नको, आणि जंगल जिथे संपून कुरण लागतं त्या कडेला अर्धा तास काहीही न करता बसा. ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी) दुर्बीण तीनशे ग्रॅम खाऊपेक्षा जास्त आनंद देते.

तुंगनाथच्या खाली एका सकाळी मी असाच बसलो होतो. पन्नास पावलांवर गवतात काहीतरी हललं. मोनाल या तितराच्या कुळातल्या पक्ष्याचा नर होता. डोकं खाली घालून तो चोचीने माती उकरत होता, कंद शोधत. तोंड माझ्याकडे असताना तो काळपटच वाटत होता. मग तो वळला, ऊन पाठीवर पडलं, आणि हिरवा, निळा, जांभळा, तांब्याचा असे सगळे रंग एकदम पेटले. चोचीला माती लागलेली होती. वीस मिनिटं तो खणत राहिला आणि मी श्वाससुद्धा जपून घेत होतो.

त्याच वाटेवरच्या दगडांच्या राशीत पिका दिसतो. बिनशेपटीच्या गुबगुबीत उंदरासारखा, पण नात्याने सशाचा. हिवाळ्यात झोपून न राहता तो बर्फाखालीही जागाच असतो. वर आकाशात पाहत राहिलात तर दाढीवालं गिधाड दिसेल. त्याचं मुख्य अन्न हाडं, आणि मोठं हाड उंचावरून खडकावर टाकून ते फोडतं. कड्यांवर थार आणि घोरल हे रानशेळ्यांसारखे प्राणी शोधा. कस्तुरी मृग दिसणं नशिबाचं, बहुधा संधिप्रकाशातच. त्याला शिंगं नसतात, नराला वरच्या जबड्यातून बाहेर आलेले दोन सुळे असतात.

जवळ किती जायचं? तुमच्यामुळे प्राण्याने चरणं थांबवलं, मान वर केली, पिलाला जवळ घेतलं, की तुम्ही जास्त जवळ आला आहात. तिथूनच हळू मागे सरका. माकडांना, वानरांना खायला देऊ नका.

बांजाच्या दाट जंगलात काळं अस्वल असतं, छातीवर पांढरट चंद्रकोर. माणूस अचानक समोर आला तर ते बिथरतं. म्हणून आंधळ्या वळणावर आणि ओढ्याच्या आवाजात मोठ्याने बोलत चाला, एकटं पुढे पळू नका. दिसलंच तर पाठ न फिरवता सावकाश मागे व्हा. अन्न तंबूत ठेवू नका, स्वयंपाकाच्या तंबूतच द्या.

खरं सांगायचं तर अस्वलापेक्षा मेंढपाळांच्या कुत्र्यांशी गाठ जास्त वेळा पडते. उन्हाळ्यात हिमाचलातले गद्दी जमातीचे मेंढपाळ कळप घेऊन वर येतात. बिबट्यापासून बचाव म्हणून त्यांच्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा असतो, आणि कळपाच्या मधून जाणारा माणूस त्यांना चोरच वाटतो. लांबूनच मेंढपाळाला हाक मारा, तो कुत्र्याला बोलावून घेईपर्यंत थांबा, आणि कळपाला वळसा घालून जा.

आता तो रिकामा दिवस. त्या दिवशी नवं ठिकाण जोडू नका. देवरियाला एकच रात्र काढणारे लोक पहाटे फोटो काढतात आणि सातला सॅक पाठीवर टाकतात. तुम्ही दुसरी रात्रही सारीत किंवा तळ्याच्या खालच्या कॅम्पवर काढा, आणि दोन्ही पहाटे काठावर जाऊन बसा. पहिल्या पहाटे डोळे चौखंब्यावरून हलत नाहीत. दुसऱ्या पहाटे पलीकडच्या काठावर पाणी प्यायला कोण कोण उतरतं, तिकडे लक्ष जातं. ऊन चढलं की वारा सुटतो, प्रतिबिंब मोडतं, आणि खालून दिवसभराच्या पाहुण्यांचे आवाज यायला लागतात. तोवर तुमची दुर्बीण पिशवीत गेलेली असेल आणि चहाची वेळ झालेली असेल.